न उघडता ठेवलेलं खेळणं

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माल घरात ठेवून भावाची वाट कशी पाहायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या आसपास कापूस घरात आला की पुढचे चार-सहा महिने ओसरीवर एकच विषय असतो, आता द्यायचा की थांबायचं? २०२१-२२च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला होता. पुढच्या वर्षी त्याच आशेने लोकांनी उन्हाळा लागेपर्यंत कापूस घरातच ठेवला. माणसं अंगणात झोपली, कापसातल्या बारीक किडीने लेकरांच्या अंगाला खाज सुटली, पण दहा हजार काही परत दिसले नाहीत. कळंब तालुक्यातल्या आमच्या घरीही हेच झालं. त्यामुळे प्लॅस्टिकच्या विटांचे खोके विकत घेऊन ठेवायचे आणि काही वर्षांनी विकायचे, असं मी यवतमाळच्या घरात सुरू केलं, तेव्हा सासऱ्यांना साठवणुकीचं नवल वाटलं नाही. त्यांना वेगळंच कोडं पडलं.

"सुनबाई, पोराले खेळू देत नाही, तं मंग हे आनलं कायले?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाही ते नीट कळलेलं नव्हतं. पुण्याच्या मामेभावाने मला या नादाला लावलं. त्याच्याकडे या विटांचे, म्हणजे लेगोचे, संच आहेत. काही जोडून काचेच्या कपाटात मांडलेले, काही खोक्यात तसेच सीलबंद. त्याने सांगितलं की कंपनी एखादा संच साधारण दीड-दोन वर्षं बनवते, मोठे संच त्याहून जास्त काळ चालतात, आणि मग तो बनवणं थांबवते. या छंदातले लोक म्हणतात, 'सेट रिटायर झाला.' त्यानंतर ज्याला तो हवा असेल त्याने तो कुणाकडून तरी घ्यायचा, आणि ज्याच्याकडे न उघडलेला असेल त्याने भाव सांगायचा.

ऐकायला सोपं आहे. पण खोका हातात घेऊन बसलं की प्रश्न संपत नाहीत. आज दुकानात जी वस्तू कुणालाही मिळते, ती मी फक्त न उघडता ठेवली म्हणून महाग का व्हावी? मी तिच्यात कसली भर घातली?

मी वाचायला लागले. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क ख्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली ही कंपनी सुरू केली, आणि सुरुवातीची खेळणी लाकडाची होती. एकमेकीत घट्ट बसणाऱ्या आजच्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८चं. तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटींहून जास्त प्रकारे जोडता येतात, हे गणित वाचून मी कागद घेऊन बसले होते. १९६३पासून कंपनीने एबीएस प्लॅस्टिक वापरायला सुरुवात केली. आधीचं प्लॅस्टिक वाकडं व्हायचं. म्हणजे माल टिकाऊ आहे. मग घोर कसला?

घोर आहे तो खोक्याचा. विटेला काही होत नाही. होतं ते पुठ्ठ्याला, चिकटपट्टीला, आतल्या कागदी पुस्तिकेला आणि स्टिकरच्या पानाला. आणि न उघडलेला संच विकत घेणारा पैसे देतो ते बऱ्याच अंशी या सगळ्याचे.

मामेभावाने पाठवलेला पहिला खोका मी टेबलावर ठेवून भिंग घेऊन पाहिला. झाकणाच्या दोन्ही टोकांना पारदर्शक गोल पट्ट्या, त्यांच्या कडा पुठ्ठ्याला अगदी चिकटलेल्या. कोपऱ्यांवर रंगीत कागदाची घडी. तिच्यावर नखाएवढी जरी पांढरी रेघ उमटली तरी फोटोत दिसते. खोका हलवला की आतल्या पिशव्या सरकतात, एकदम पावसासारखा आवाज येतो. मुलगा शेजारी उभा होता. त्याने तो आवाज ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांचा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आला.

यवतमाळला पुठ्ठा सांभाळणं सोपं काम नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. आमच्या वरच्या खोलीवर टिनाचं छप्पर आहे. दुपारी तिथे हात लावेल ते गरम. तिथे ठेवलं तर चिकटपट्टी सुकून कडेने उचलते. म्हणून खाली ठेवावं म्हटलं, तर खाली कुलर. विदर्भात कुलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि कुलरच्या खोलीत हवा ओली असते. वर्तमानपत्रसुद्धा संध्याकाळपर्यंत मऊ पडतं. पुस्तकांची पानं फुगतात तशी खोक्याची बाजूही थोडी फुगते. ते लगेच दिसत नाही, पण दोन खोके शेजारी ठेवले की कळतं. नंतर पावसाळा. आणि वर्षभर उधई, झुरळं, उंदीर. पुस्तकांतून, व्हिडिओंतून मला जे सल्ले मिळाले ते बहुतेक थंड देशांतल्या तळघरांसाठी होते. आमच्याकडे तळघर नाही, आणि असतं तरी पावसाळ्यात त्यात पाणी भरलं असतं.

खरा सल्ला मिळाला तो माझ्या मावसभाऊजींकडून. त्यांचं आयुष्य वखारीत गेलं, सोयाबीन आणि तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लावण्यात. ते घरी आले, खोल्या पाहिल्या, आणि एखाद्या गोदामाची तपासणी करावी तसे सगळीकडे फिरले. त्यांनी सांगितलं की माल कधी फरशीवर ठेवायचा नाही, खाली लाकडी फळ्या टाकायच्या. भिंतीला टेकवायचा नाही, हात जाईल एवढी जागा सोडायची, म्हणजे ओल चढत नाही आणि उधईची माती लागली तर दिसते. थप्पी अशी लावायची की मागचा मालही पाहता यावा. गोदामात कीड मारायला वापरतात त्या गोळ्या घरात अजिबात आणायच्या नाहीत, माणसाच्या जिवाला धोका असतो, हे त्यांनी दोनदा बजावलं. डांबराच्या गोळ्यांचा विचार मी स्वतःच सोडला. तो वास पुठ्ठ्यात बसतो आणि पुढे निघत नाही, आणि घेणारा खोका हातात घेतल्यावर आधी तोच वास घेईल.

आता सगळे खोके आतल्या, उत्तरेकडच्या खोलीत लोखंडी कपाटात आहेत. त्या खोलीला खिडकी लहान, वर स्लॅब आणि स्लॅबवर दुसरी खोली, त्यामुळे ऊन थेट येत नाही. कुलर तिथे लावत नाही. खोके एकावर एक रचलेले नाहीत. मोठ्या खोक्याचं वजन खालच्याला चेपतं, म्हणून पुस्तकांसारखे उभे. प्रत्येक खोका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण तोंड पूर्ण बंद नाही, नाहीतर आतली ओल आतच राहते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर सुकवण्यापेक्षा मी सरळ बदलते. खोका बाहेर काढायचा तर हात धुऊन, कोरडे करून. सासूबाईंचं लोणच्याच्या बरणीचं शास्त्र इथे जसंच्या तसं लागू पडलं.

हे काम मला आवडायला लागलं, हे मी मोकळेपणाने सांगते. पण भाव कसा वाढतो हे कोडं तसंच होतं, आणि त्याचं उत्तर मला ताजमहालाने दिलं.

लेगोने २००८ साली ताजमहालाचा संच काढला. क्रमांक १०१८९, ५,९२२ तुकडे. तोवरच्या सगळ्या संचांत सर्वांत जास्त. काही वर्षांनी तो बनवणं थांबलं. ज्यांच्याकडे तो सीलबंद होता त्यांच्या खोक्यांचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट वर गेला. लोकांनी तो सोन्यासारखा जपला. आणि २०१७ साली कंपनीने तोच संच नव्या क्रमांकाने, १०२५६ म्हणून, ५,९२३ तुकड्यांसह पुन्हा बाजारात आणला. ज्यांना बांधायचा होता त्यांनी दुकानातून नवा घेतला. जुन्या खोक्यांचा भाव पडला. अपोलो मोहिमेच्या सॅटर्न रॉकेटचंही तसंच. २०१७चा हा संच चंद्रावर उतरण्याच्या वर्षाची आठवण म्हणून १,९६९ तुकड्यांचा होता; तो बंद झाला आणि २०२०मध्ये पुन्हा निघाला.

मी हे जेवताना सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे कारखानाच बंद करते म्हन्ते? मंग तं बरं हाय. आपल्या कापसाचा कारखाना कोन बंद करन?"

त्या एका वाक्यात माझं कोडं सुटलं. नुसत्या थांबण्याने भाव वाढत नाही. तसं असतं तर यवतमाळचा प्रत्येक कापूसवाला आज श्रीमंत असता. मी कापूस घरात ठेवला तरी राळेगावला, घाटंजीला, तेलंगणात, गुजरातेत, पार अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये पुढच्या हंगामाचा कापूस उगवतोच. विटांच्या संचाचा पुढचा हंगाम एका कंपनीच्या मर्जीवर आहे. तिने तो थांबवला तर माझ्या कपाटातल्या खोक्याला किंमत, आणि तिने पुन्हा पेरला तर माझा खोका इतर खोक्यांसारखाच एक. म्हणून संच बंद झाला एवढ्यावर मी आता समाधान मानत नाही. तो कशावर काढलाय ते पाहते. ताजमहाल, चंद्रावरचं रॉकेट या गोष्टी जुन्या होत नाहीत, त्यांना मागणी राहते, आणि म्हणूनच त्या पुन्हा निघण्याची भीतीही जास्त. एखाद्या चित्रपटाशी करार करून काढलेला लहान संच पुन्हा निघणं अवघड, पण तो चित्रपट पाच वर्षांनी कुणाला आठवेल का, हा प्रश्न तिथे उभा असतो.

मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या व्हिक्टोरिया डोब्रिन्स्काया आणि ज्युलिया किशिलोव्हा या दोघींनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३२२ संचांचा अभ्यास केला. वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास परतावा, असं त्यात निघालं. हा आकडा सगळे सांगतात. त्याच अभ्यासात असंही आहे की संच बंद झाल्यावर भाव वाढायला दोन-तीन वर्षं लागतात, खूप लहान आणि खूप मोठे संच मधल्यांपेक्षा जास्त वाढतात, आणि काही संचांत मोठा तोटाही होतो. हे कुणी सांगत नाही. शिवाय तो सगळा बाजार मुख्यतः परदेशातला आहे. २०००पासून ब्रिकलिंक नावाचा जगभराचा बाजार इंटरनेटवर चालतो, २०१९मध्ये तो लेगो कंपनीनेच विकत घेतला. तिथले डॉलरमधले भाव पाहून यवतमाळला हिशेब मांडला की तो चुकतोच.

का चुकतो, ते समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्र सरकारने आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं, २०२३मध्ये ते ७० झालं. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणन सक्तीचं आहे. म्हणजे मी इथे ज्या किमतीला खोका घेते ती आधीच चढी. तो परदेशातल्या माणसाला विकून फायदा होणार नाही. माझं गिऱ्हाईक भारतातच हवं. याची दुसरी बाजूही आहे. परदेशातून जुना संच मागवायचा तर इथल्या माणसालाही शुल्क आणि टपाल दोन्ही भरावं लागतं, तेव्हा त्याला देशातलाच सीलबंद खोका, पक्क्या बिलासह मिळाला तर तो बरा वाटतो. म्हणून मी प्रत्येक खोक्याचं बिल त्याच्याच पिशवीत ठेवते. नकली विटांचा सुळसुळाट एवढा आहे की बिलाशिवाय माझ्या शब्दाला काही वजन नाही. चीनमध्ये लेपिन नावाने हुबेहूब नकला करणाऱ्यांवर २०१९मध्ये शांघाय पोलिसांनी छापे घातले होते. यावरून तो धंदा केवढा होता ते कळतं.

आणि वजन. खरोखरचं वजन. पहिला संच विकला गेला तेव्हा मी कुरिअरवाल्याकडे गेले. खोका ४८ सेंटिमीटर लांब, ३८ रुंद, ९ जाड. काट्यावर दोन किलोही भरला नाही. पण हलक्या आणि मोठ्या मालाला कुरिअरवाले आकारावरून पैसे लावतात: लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार भागिले पाच हजार. तेवढ्यानेच सव्वातीन किलो झालं. कोपरे सांभाळायचे म्हणून बाहेरून दुसरा पुठ्ठ्याचा खोका, मध्ये फुगे असलेलं प्लॅस्टिक, सगळ्या बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर जागा. आता माप ५४, ४४, १५. सात किलोंच्या वर! मी सांभाळण्यासाठी जितकी जागा सोडेन तितकं भाडं वाढतं, आणि कमी सोडली तर कोपरा चेपतो. तो खोका पोचला तेव्हा बाहेरच्या पुठ्ठ्याला एका बाजूने खड्डा होता, आतला सुखरूप. तीन सेंटिमीटरचे पैसे तिथे वसूल झाले असं मी मानते. यवतमाळहून पार्सल आधी रस्त्याने नागपूरला जातं, तिथून पुढे. वर्ध्याहून कळंबपर्यंत ब्रॉडगेज रेल्वे फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली, यवतमाळपर्यंत ती आली की काय बदलेल ते पाहायचं आहे.

कराचंही सांगायला हवं, कारण घरबसल्या विकणाऱ्या बायकांना हे कुणी सांगत नाही. महाराष्ट्रातच विकलं तर ऑक्टोबर २०२३पासून ऑनलाइन संकेतस्थळावरून विकणाऱ्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीची सूट आहे. पण माल राज्याबाहेर गेला की नोंदणी लागते, उलाढाल कितीही लहान असो. आणि माझ्याकडे विचारणा येते ती मुंबई-पुण्याइतकीच बंगळुरू आणि हैदराबादहून. सीएला कागद दिले आहेत.

घेणारे कोण असतात, हे मला आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं, माझ्यासारखेच कुणीतरी. माझ्याकडून घेऊन आणखी पुढे ठेवणारे. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एका मुलीचा बाप निघाला. मुलगी लहान असताना तिला हवा होता तो संच तेव्हा परवडला नव्हता, आता ती अकरावीत गेली, आता दोघं मिळून बांधणार होते. त्यांनी मला शेवटी विचारलं की आतल्या पिशव्यांतले तुकडे कमी तर नसतील ना. सील न तोडलेल्या खोक्याची हमी मी दिली. ते म्हणाले की सील ते रविवारी तोडणार आहेत.

मी घरी येऊन हे सासऱ्यांना सांगितलं. कायले आनलं, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे आता उत्तर होतं. बांधणारा पोरगा कुठेतरी असतोच. फक्त तो उशिरा येतो, आणि तो येईपर्यंत कुणाला तरी खोका कोरडा ठेवावा लागतो. माझी भर ती एवढीच, आणि पैसे त्याचेच. त्यांना ते पटलं. मुलाला मात्र पटलं नाही, आणि त्याचं बरोबर आहे. तो आत्ता आठ वर्षांचा आहे. म्हणून विकायचे संच आणि त्याचे संच मी पहिल्यापासून वेगळे ठेवले. त्याचे उघडायचे म्हणूनच घेते. ते साऱ्या घरात पसरलेले असतात.

कधी विकायचं, हे अजून उमगत नाही. एका मोटारीचे दोन सारखे खोके माझ्याकडे होते. कारखाना बंद करून पुरेसा काळ झाला होता, भाव मूळ किमतीच्या वर सरकत होता, आणखी सरकेल असं मामेभाऊ म्हणत होता. मी सासऱ्यांना विचारलं.

"अर्धा माल इकून टाकाव, अर्धा ठेवाव," ते म्हणाले. "सारा कधी धरून ठेवू नाही."

दहा हजारांची वाट पाहिली त्या हंगामात त्यांनी सगळा कापूस धरून ठेवला होता, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. मी एक खोका विकला. दुसरा कपाटात उभा आहे. कंपनीने तीच मोटार पुन्हा काढली, तर त्याच दिवशी तो खोका माझ्या मुलाचा. हे त्याने माझ्याकडून वहीत लिहून घेतलं आहे, आणि खाली आजोबांची सही साक्षीदार म्हणून.